एकट्याने दोन दिवस: प्राग की व्हिएन्ना?

कामानिमित्त मध्य युरोपात येऊन शनिवार-रविवार मोकळा मिळालेल्या, किंवा मोठ्या सहलीतले दोन-तीन दिवस स्वतःसाठी राखून ठेवलेल्या एकट्या प्रवाशापुढे प्राग आणि व्हिएन्ना ही दोन नावे हमखास येतात. दोन्ही शहरांवर हॅब्सबर्ग घराण्याची सत्ता होती, दोन्हींचे जुने भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत आणि दोन्हीकडे मेट्रो व ट्राम भरवशाच्या आहेत. त्यामुळे अधिक सुंदर कोणते, या प्रश्नाने निर्णय होत नाही. माझ्या मते पाहायचे ते एवढेच, की प्रागचे वैभव बहुतांशी रस्त्यावर उघडे आहे आणि व्हिएन्नाचे बहुतांशी दारांआड.

प्रागमध्ये १४१० सालच्या खगोलीय घड्याळापासून निघावे, चार्ल्स पूल ओलांडावा आणि चढ चढून किल्ल्याच्या प्रांगणात पोहोचावे. एवढ्या चालण्यात शहराचा मोठा भाग डोळ्यांखालून जातो आणि तोपर्यंत एकही तिकीट काढावे लागत नाही. १३५७ मध्ये राजा चौथ्या चार्ल्सच्या काळात बांधायला घेतलेल्या या पुलाच्या दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे आहेत. मात्र दिवस वर आला की गर्दीमुळे ते धड पाहता येत नाहीत. पहाटे उठून तिथे जाणे एकट्याला सहज जमते, कारण बरोबरच्या कोणाला उठवायचे नसते. किल्ल्यातील सेंट व्हाइटस कॅथेड्रलचे काम १३४४ मध्ये सुरू झाले आणि १९२९ मध्ये पूर्ण झाले, हे ठाऊक असेल तर जुना आणि नवा भाग वेगळा ओळखण्यात वेळ चांगला जातो. पिंकास सिनेगॉग हे ज्यू प्रार्थनास्थळ मात्र शक्यतो एकट्यानेच पाहावे. नाझींच्या छळात बळी गेलेल्या बोहेमिया आणि मोराविया या झेक प्रांतांतील सुमारे ७८,००० ज्यूंची नावे तिथल्या भिंतींवर हाताने रंगवून लिहिली आहेत, आणि ती वाचत असताना कोणाशी काही बोलावेसे वाटत नाही.

व्हिएन्ना पायी फिरण्याने तेवढे हाती लागत नाही. जुनी तटबंदी पाडून तिच्या जागी उभारलेला रिंगश्ट्रासे हा भव्य रस्ता ट्राममधून पाहून होतो, पण शहराचा खरा ठेवा आत आहे. कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयातील ब्रॉयगेलच्या चित्रांचे दालन, ज्यात १५६५ चे ‘बर्फातील शिकारी’ आहे, तेवढ्यासाठीही व्हिएन्ना निवडावे असे मला वाटते. बेलव्हेडेर राजवाड्यात चित्रकार क्लिम्टचे ‘चुंबन’ हे चित्र आहे, आणि ऑपेरागृहात बसण्याच्या जागांच्या मानाने फारच स्वस्त अशी उभ्याची तिकिटे मिळतात.

एकट्याच्या दृष्टीने व्हिएन्नाची सर्वांत मोठी सोय म्हणजे तिथली कॅफेगृहे. संध्याकाळी परक्या शहरात एकट्याने टेबल अडवून बसण्याचा संकोच अनेकांना, विशेषतः पहिल्यांदाच एकट्या निघालेल्या स्त्रियांना, वाटतो. इथे मेलांज नावाची दुधाळ कॉफी मागवली की छोट्या ट्रेमध्ये पाण्याचा ग्लासही येतो, वर्तमानपत्रे हाताशी असतात आणि तासन्‌तास बसले तरी कोणी उठवत नाही. प्रागमध्येही जुने कॅफे आहेत, पण तिथली संध्याकाळ बिअरच्या लांब टेबलांभोवती अधिक रंगते. ज्यांना अनोळखी लोकांशेजारी बसणे आवडते त्यांना तेच बरे वाटेल.

शाकाहारी माणसाची पारंपरिक झेक खाणावळीत तळलेल्या चीजपलीकडे फारशी सोय होत नाही. अंडे चालत असेल, तर व्हिएन्नात चीज घातलेले श्पेत्झले (पिठाचे उकडलेले छोटे तुकडे) किंवा काइझरश्मार्न (तुकडे केलेला गोड पॅनकेक) यांवर जेवण निभावते. व्हिएन्नात युरो चालतो, प्रागमध्ये कोरुना. शक्यतो कार्ड वापरावे. चौकातील चलन बदलणाऱ्या दुकानात फसवा दर पदरी पडलाच, तर पावती जपून ठेवावी, कारण १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करण्याचा हक्क झेक कायदा देतो. प्रागच्या दगडी फरसबंदीवर चाकांची बॅग ओढणे त्रासाचे असते, म्हणून तिथे सामान पाठीवर असावे.

पहिलीच खेप असेल, दिवस दोनच असतील आणि हवा चालण्याजोगी असेल, तर प्राग निवडावे. हिवाळ्यात, पावसाळी हवेत किंवा तिसरा दिवस हाती असल्यास व्हिएन्ना. दोन शहरांमधले रेल्वेचे अंतर सुमारे चार तासांचे असल्यामुळे दोन दिवसांत दोन्ही उरकण्याचा मोह होतो, परंतु त्यात अर्धा दिवस गाडीत आणि सामान ठेवण्या-उचलण्यात जातो. तसे करू नये. चार दिवस असतील तेव्हा मात्र दोन्ही अवश्य करावीत, आणि शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करावा.