एनएफएलचा ड्राफ्ट की एनबीएचा? भारतातून बघणाऱ्याने कोणता धरावा

अमेरिकन फुटबॉलची एनएफएल आणि बास्केटबॉलची एनबीए, दोन्ही लीगांमध्ये दरवर्षी ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ ठरलेल्या क्रमाने एकेक नवा खेळाडू निवडतात. नोकरी सांभाळून दोन्ही ड्राफ्ट मनापासून पाळणं एका माणसाला झेपत नाही. काही वर्षं मी दोन्हींच्या मागे होतो, मग एकावर स्थिरावलो. वाईट कामगिरीच्या संघाला आधी निवड का मिळते वगैरे इथे सांगत नाही. ज्यांना आयपीएलच्या लिलावापेक्षा या प्रकाराचंच वेड लागलंय आणि कुठे वेळ घालवावा हे ठरत नाहीये, त्यांच्यासाठी हे आहे.

एनबीएची बाजू आधी मांडतो, कारण ती कमकुवत नाही. फेऱ्या दोनच, निवडी जेमतेम साठ, म्हणजे सगळी नावं डोक्यात मावतात. बास्केटबॉलमध्ये एक पोरगा अख्खा संघ फिरवू शकतो, त्यामुळे प्रत्येक निवडीला वजन असतं. शिवाय मे महिन्यातली लॉटरी, म्हणजे पहिल्या निवडी कोणाला हे ठरवणारी सोडत! २०२५ मध्ये पहिला क्रमांक मिळण्याची डॅलस संघाची शक्यता होती १.८ टक्के, त्यांचाच नंबर लागला आणि त्या वर्षीचा सर्वांत चर्चेतला नवा खेळाडू कूपर फ्लॅग त्यांना मिळाला. असा थरार एनएफएलकडे नाही. दुसऱ्या फेरीतही खजिना असतो. पुढे एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला निकोला योकिच २०१४ मध्ये ४१ वा निवडला गेला. आणि २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर डॅलसनेच पंजाबच्या सतनाम सिंगचं नाव घेतलं, तेव्हा झालेला आनंद मी विसरणार नाही, जरी पुढे त्याला एनबीएत एकही सामना मिळाला नाही.

मग अडलं कुठे? टोपीवर.

निवड झालेला मुलगा संघाची टोपी घालून मंचावर येतो, कमिशनरशी, म्हणजे लीगच्या प्रमुखाशी, हात मिळवतो. पण एनबीएत ती टोपी त्याच्या खऱ्या संघाची असेलच असं नाही. तिथल्या संघांमधल्या अदलाबदलीत निवडींच्या हक्कांबरोबर खेळाडूंचे करारही गुंतलेले असतात आणि लीगचं नवं आर्थिक वर्ष जुलैत सुरू होतं. त्यामुळे जूनमध्ये ठरलेले कित्येक सौदे कागदावर यायला जुलै उजाडतो आणि तोवर निवड जुन्या संघाच्याच नावाने होते. २०१९ मध्ये डिआंद्रे हंटर चौथ्या क्रमांकावर लेकर्सची टोपी घालून उभा होता. ती निवड लेकर्सनी अँथनी डेव्हिस या खेळाडूच्या बदल्यात न्यू ऑर्लिन्सला द्यायचं ठरलं होतं, आणि न्यू ऑर्लिन्सने ती पुढे अटलांटाला द्यायचं कबूल केलं होतं. म्हणजे टोपी एकाची, हक्क दुसऱ्याचा आणि खेळायचं तिसऱ्याकडे.

तिथे राहणाऱ्याला याचं कदाचित काही वाटत नसेल. पण मी पहाटे साडेपाचला उठतो ते त्या एका क्षणासाठी: हा खेळाडू, हा संघ, जोडी जमली. मी वहीत नोंदी करतो. ऑफिसला निघेपर्यंत त्या वहीत खाडाखोड झालेली असायची, आणि जे बघितलं ते खरं कुठलं हे दुपारी पुन्हा शोधावं लागायचं.

एनएफएलचं आर्थिक वर्ष मार्चमध्येच सुरू होतं आणि ड्राफ्टच्या रात्रीचे सौदे बहुतेक निवडीच्या बदल्यात निवड असेच असतात. निवडीसाठी दिलेल्या वेळाचं घड्याळ चालू असताना सौदा होतो, तो तिथल्या तिथे जाहीर होतो आणि नव्या संघाच्या नावाने निवड होते. अपवाद आहेत, २००४ मध्ये एलाय मॅनिंग या खेळाडूला सॅन डिएगोने पहिला निवडला आणि त्याच दिवशी तो न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला. पण मला तरी असे प्रसंग क्वचितच दिसले.

एनएफएलचे तोटेही आहेत. सात फेऱ्या, अडीचशेवर नावं. त्यात ऑफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे आपल्या संघाच्या चढाईत पुढे उभं राहून वाट मोकळी करणारे, कितीतरी जण पुढे सामन्यात असतात, पण कॅमेरा त्यांच्याकडे फारसा वळत नाही. जानेवारीपासून मॉक ड्राफ्ट (कोण कुठे जाईल याचे जाणकारांचे अंदाज) वाचले नाहीत तर ही यादी कोरडी वाटेल, हे मान्य. वेळ खरंच कमी असेल तर एनबीए निवडण्यात काही चूक नाही.

पण वेळापत्रक बघा. पहिली फेरी दोन्हींची पहाटे साडेपाचलाच. एनबीएचा दुसरा दिवसही कामाच्याच आठवड्यात येतो. एनएफएलची पहिली फेरी शुक्रवारी पहाटे, दुसरी-तिसरी शनिवारी साडेचारला आणि चौथी ते सातवी शनिवारी रात्री साडेनऊपासून. हा शेवटचा टप्पा खास आपल्यासाठी ठेवल्यासारखा आहे. जेवण झालेलं, उद्या रविवार. पुढे एनएफएलचा दिग्गज ठरलेला टॉम ब्रेडी २००० मध्ये १९९ वा होता तो याच उशिराच्या फेऱ्यांत. ब्रॉक पर्डी २०२२ मध्ये २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा. दुसऱ्याच मोसमात तो सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा मुख्य खेळाडू) म्हणून उतरला. पहिल्या फेरीत जातील अशी चर्चा असलेले शेडूर सँडर्ससुद्धा २०२५ मध्ये १४४ व्या क्रमांकापर्यंत ताटकळले, आणि त्यांचं नाव शनिवारीच आलं.

नव्याने सुरू करणार असाल तर एप्रिलच्या शेवटी सरळ त्या शनिवारी रात्रीच बसा. चौथ्या फेरीपासून पुढे ज्याच्या हातात सर्वांत जास्त निवडी उरल्या आहेत असा एक संघ धरा आणि फक्त त्याच्याच निवडी लिहून काढा.