झिजलेला डॉलर बघून फसलो

मागच्या उन्हाळ्यात इथे पेनसिल्व्हेनियात एका फ्ली मार्केटमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात, ६२० डॉलर घालवले. तेव्हा वाटलं होतं लॉटरी लागली.

एक आजोबा टाइप माणूस, निळ्या मखमलीवर चांदीचे मॉर्गन डॉलर मांडलेले. मला यातलं थोडंफार कळतं असा माझा समज, म्हणजे हे १८७८ ते १९०४ आणि मग परत १९२१ ला पाडलेले, ९० टक्के चांदी, मागे गरुडाखाली सीसी असेल तर नेवाडातल्या कार्सन सिटीच्या टाकसाळीचा, त्याला भाव जास्त. याच्याकडे १८८९ चा सीसी होता, जो फक्त साडेतीन लाख पाडला होता! पण पार झिजलेला. पुढच्या बाजूच्या बाईच्या चेहऱ्यात कानावरचे केस सपाट, मागे गरुडाची छाती सपाट. आणि मी तिथेच फसलो, कारण डोक्यात एकच, नकली बनवणारा चकचकीत बनवेल ना, झिजवेल कशाला? सोबत १८७९ चा सीसीपण उचलला. कॅश, बिल नाही.

घरी किचनच्या काट्यावर एकेक ठेवला तर २४ ग्रॅम. हवा २६.७३. मी म्हटलं झिजलाय, कमी भरणारच. बायको म्हणाली, अरे पण पावणेतीन ग्रॅम चांदी गेली तर चित्र तरी दिसलं असतं का? मी ऐकलं नाही. लोहचुंबक लावला, चिकटला नाही, मी खूश. पितळही चिकटत नाही हे तेव्हा सुचलंच नाही.

दोन आठवड्यांनी एका नाण्यांच्या दुकानात नेले. त्या माणसाने नाण्यावरच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही, आधी कड बघितली. कडेच्या खाचा इतक्या धारदार की नख अडकत होतं. चेहरा एवढा गुळगुळीत आणि कड कोरी कशी? खऱ्या नाण्याचे उंचवटे आधी घासतात, कडही हळूहळू जाते, पण अक्षरांच्या बुडाशी तपशील टिकून राहतो. माझे सगळीकडून सारखेच मऊ, वापरलेल्या साबणासारखे. खाचांमधला काळपटपणा ॲसिटोनच्या बोळ्याने निघून आला. मग त्याने दोन्ही पालथे शेजारी ठेवले आणि मला लूप, म्हणजे छोटं भिंग, दिला. गरुडाच्या पंखावर एक तिरकी रेघ, दोन्हीवर त्याच जागी, तेवढीच लांब. दहा वर्षांच्या अंतराची नाणी आणि ओरखडा एकच, म्हणजे साचाच एक.

त्यानेच सांगितलं की खरोखर खिशाखिशांतून फिरून झिजलेले खोटे मॉर्गनपण आहेत. न्यू ऑर्लिन्सच्या टाकसाळीची 'ओ' ही खूण नेहमीपेक्षा बारीक असलेले १८९६, १९०० आणि १९०२ चे डॉलर कित्येक वर्षं खरे म्हणून विकले जात होते, २००५ मध्ये ग्रेडिंगवाल्यांनी, म्हणजे नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्यांनी, ते खोटे ठरवले. ते बनवले तेव्हा डॉलरच्या मानाने चांदी इतकी स्वस्त की खरी चांदी घालूनही बनवणाऱ्याला नफा सुटायचा. म्हणजे झीज खरी असली तरी नाणं खरं असेलच असं नाही, आणि माझी तर झीजपण खोटी.

शेवटी त्याने १९२१ चा एक खरा डॉलर बोटाच्या टोकावर तोलून टिचकी मारली, तो बराच वेळ वाजत राहिला. माझा वाजला ठप्प. सगळ्यात जास्त लाज मला इथे वाटली. आमच्या आजीकडे राणीछाप रुपये होते, ती प्रत्येक रुपया अंगठ्याने उडवून कानाशी वाजवायची, हे मी सात वर्षांचा असल्यापासून बघतोय. पण त्या टेबलपाशी म्हाताऱ्या माणसासमोर नाणं वाजवून बघायचं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं होईल, बरं दिसत नाही, म्हणून नाही वाजवलं.

पुढच्या रविवारी गेलो तर त्या टेबलवर कोणीतरी मोजे विकत होतं. कार्डावरचा नंबर बंद.

दोन्ही नाण्यांच्या पाकिटावर मार्करने 'खोटं' लिहून ठेवलंय, उद्या मुलीने चुकून विकायला नको. ती रेघ गरुडाच्या डाव्या पंखाला (आपल्याला बघताना डावीकडचा), खांद्यापासून खाली मध्यापर्यंत येते. तुमच्याकडच्या एखाद्या सीसीवर दिसली तर आधी वजन करा.