एकच कॅनव्हास, की शेजारी-शेजारी?

परदेशी चित्रकार आणि इथले अपंग कलाकार यांचं प्रदर्शन जमवणारी मैत्रीण अडलीय: जोडीने एकच काम, की दोघांची स्वतंत्र कामं शेजारी?

आधी श्रेय, कारण भांडणं तिथेच होतात. जोडकामात प्रेक्षक नकळत नावाजलेल्याचंच नाव लक्षात ठेवतो. इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या ‘प्रोजेक्ट आर्ट वर्क्स’ या अपंग कलाकारांसोबत काम करणाऱ्या गटात समूहाचं नाव पुढे असतं, २०२१ च्या टर्नर पुरस्काराचं (ब्रिटनमधला समकालीन कलेचा मोठा पुरस्कार) नामांकनही समूहालाच होतं. अमेरिकेतल्या ओकलंडच्या ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ या अपंग कलाकारांच्या कलाकेंद्राची रीत वेगळी: जागा द्या, साहित्य द्या, कामात हात घालू नका. डाउन सिंड्रोम असलेल्या, ऐकू न येणाऱ्या ज्युडिथ स्कॉट तिथे हाती लागेल ती वस्तू सुताने गुंडाळत. आत काय आहे, याचा पत्ता लागत नसे. शिल्पाखाली नाव त्यांचं एकटीचं.

खर्च? जोडकामाला प्रवास, मुक्काम आणि मदतनिसाचंही तिकीट. शेजारमांडणीत मुख्यतः पॅकिंग, विमा, कस्टम्स.

वेळ जोडकामातच जास्त जातो. सूर जुळायलाच आठवडे लागतात, आणि घाई झाली की एकजण नुसती रेघ ओढून बाजूला होतो.

कलाकार आधीपासून ओळखीचे असतील, हाताशी वेळ आणि पैसा असेल, तर जोडकाम. पहिलंच प्रदर्शन, विक्रीची आशा किंवा कलाकाराचं नाव उभं करायचं असेल, तर शेजारमांडणी.