पूर आला की बातमी कुठून घ्यायची? कोल्हापूर-सांगलीसाठी स्रोतांची तुलना

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. हे चार आकडे पाठ असले की पुराच्या दिवसांतल्या निम्म्या बातम्यांतली हवा निघून जाते. ‘पंचगंगा पात्राबाहेर’ ही पट्टी दरवर्षी पहिल्या दमदार पावसात फिरते, तेव्हा पाणी इशारा पातळीच्याही बरेच खाली असते. ‘इतके बंधारे पाण्याखाली’ हेही तसेच. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे मुळात बुटके, पावसाळ्यात त्यांच्यावरून पाणी जायचेच. त्या बातमीचा कामाचा अर्थ एवढाच की त्यांच्यावरून जाणारी वाट बंद झाली, आता वळसा पडणार.

कोणता स्रोत चांगला, हे तुम्हाला ठरवायचे काय आहे यावर अवलंबून आहे. घर सोडायचे का, उद्या प्रवासाला निघायचे का, किंवा पुण्या-मुंबईत बसून गावाकडच्या आईवडिलांना काय सांगायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी मिळत नाहीत.

वृत्तवाहिनी की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष?

घर सोडण्याच्या निर्णयासाठी निःसंशय जिल्हा कक्ष. त्यांच्या पूरस्थिती अहवालात वेळ, राजाराम बंधाऱ्याची पातळी फूट-इंचात, धरणांतला विसर्ग (सोडले जाणारे पाणी) आणि बंद रस्त्यांची यादी असते. वाहिनीवर यातला बहुधा एकच आकडा येतो, तोही वेळेशिवाय. वेळ नसलेली पातळी कुचकामी, कारण खरी माहिती दोन नोंदींमधल्या फरकात असते. सकाळी ६ वाजता ४१ फूट २ इंच आणि दुपारी १२ वाजता ४१ फूट ८ इंच असेल, तर पाणी तासाला एक इंचाने चढते आहे. धोका पातळीला १६ इंच उरले, म्हणजे वेग तोच राहिला तर हातात सोळा तास आहेत. जनावरे हलवायला आणि धान्य माळ्यावर चढवायला ते पुरतात, पण रात्र मध्ये येत असेल तर उजेडातच निघावे. वरून विसर्ग वाढला की हा हिशेब मोडतो, म्हणून दर नव्या अहवालाबरोबर तो पुन्हा मांडायचा.

इथे एक चूक सर्रास होते. ४१ फूट ८ इंच हे घाईत ‘४१.८ फूट’ असे लिहिले जाते. ४१.८ फूट म्हणजे खरे तर ४१ फूट साडेनऊ इंच. तासाला इंच-दोन इंच चढणाऱ्या पाण्यात हा फरक छोटा नाही. दशांश चिन्ह दिसले की मूळ अहवाल पाहावा.

वाहिनीचा उपयोग नाही असे नाही. महामार्ग कुठे तुंबला, एनडीआरएफची पथके कुठे पोहोचली, हे चित्र तिथे लवकर दिसते. मात्र त्या दृश्यांवर तारीख-वेळ आहे का ते आधी बघा. नैसर्गिक आपत्तीच्या दृश्यांवर तारीख आणि वेळ ठळक दाखवावी, अशी सूचना माहिती व प्रसारण मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये खासगी वाहिन्यांना दिलेली आहे. ती नसेल तर २०१९ च्या पुरातला महामार्गावरचा शिरोली फाटा आजचा म्हणून तुमच्यापुढे येऊ शकतो. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पूर येतो की नाही यावरची रात्रीची चर्चा तर सरळ बंद करावी. तो वाद तज्ज्ञ समित्यांपर्यंत गेलेला आहे, दारात पाणी असताना तो ऐकून काही ठरत नाही.

जिल्हा कक्षाची उणीव म्हणजे फोन. १०७७ हा क्रमांक तुम्ही ज्या जिल्ह्यात उभे आहात तिथे लागतो. पुण्यातून फिरवला तर पुण्याचा कक्ष उचलणार, त्याला कोल्हापूरच्या सुतारवाड्यात किती पाणी आहे हे कसे ठाऊक असणार? बाहेरगावी राहणाऱ्यांनी ०२३१ (कोल्हापूर) किंवा ०२३३ (सांगली) ने सुरू होणारा कक्षाचा दूरध्वनी क्रमांक जिल्ह्याच्या संकेतस्थळावरून जूनमध्येच लिहून ठेवावा. ऐन पुरात ती लाइन व्यस्त लागते. अशा वेळी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अधिकृत खात्यावरचा ताजा अहवाल वाचणे जास्त सोपे. जीवावर बेतले असेल तर थेट ११२.

दोन ‘ऑरेंज’, दोन अर्थ

भारतीय हवामान विभागाचा रंग पावसाचा असतो, केंद्रीय जल आयोगाचा रंग नदीचा. हवामान विभागाचा नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. जल आयोगाचा पिवळा म्हणजे नदी इशारा आणि धोका पातळीच्या मध्ये, नारिंगी म्हणजे धोका पातळी ओलांडली, लाल म्हणजे त्या ठिकाणची आजवरची सर्वोच्च पूरपातळी गाठली किंवा मोडली. बातमीत नुसते ‘ऑरेंज अलर्ट’ असेल तर कोणाचा, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शिरोळ तालुक्यासाठी हवामान विभागाचा जिल्हास्तरीय रंग तर फसवाच. गगनबावडा आणि शिरोळ एकाच जिल्ह्यात, पण पाऊस घाटात कोसळतो आणि पाणी शिरोळला साचते. कुरुंदवाडला लख्ख ऊन असताना पूर चढतो. म्हणून तिथल्या माणसाने घाट विभागासाठी दिलेला वेगळा इशारा आणि राधानगरी-गगनबावड्याचा पाऊस पाहावा. ‘अतिवृष्टी’ हा शब्दही मोजून घ्या: २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार, त्यापुढे अत्यंत जोरदार. रोजचा आकडा सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांचा असतो, त्यामुळे दुपारी झोडपून गेलेला पाऊस दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत दिसतो. एका केंद्राचा आकडा शहरभर लावण्यातही धोका आहे. २७ जुलै २००५ च्या सकाळच्या नोंदीत मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७४.

जल आयोगाचे ‘फ्लडवॉच इंडिया’ हे अॅप अर्जुनवाड-कुरुंदवाडसारख्या केंद्रांसाठी उपयोगी आहे. पण त्यात पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये येते. ती राजाराम बंधाऱ्याच्या फुटांशी जुळवायला जाऊ नका. तिथे फक्त चढ की उतार, एवढेच पाहावे.

‘दरवाजे उघडले’ म्हणजे किती?

सनसनाटी सगळ्यात जास्त शिजते ती इथे. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला गेले की ते आपोआप उघडतात, रात्री कोणी गुपचूप उघडत नाही. एका दरवाजातून १४२८ क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट पाणी), म्हणजे सातही उघडले तरी सुमारे दहा हजार. कोयनेचे गणित वेगळे. तिथे सहा वक्र दरवाजे किती फूट उचलले यावर सगळे ठरते, त्यामुळे ‘कोयनेचे दरवाजे उघडले’ या मथळ्यात माहिती जवळपास शून्य. क्युसेकचा आकडा मिळाला की हिशेब सोपा आहे: दिवसभर ५० हजार क्युसेक सोडले तर साधारण ४.३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी जाते. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. आकडा क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर) दिला असेल तर क्युसेकसाठी ३५.३ ने गुणा. अलमट्टीबाबत आवक आणि विसर्ग हे दोन्ही आकडे एकत्र असतील तरच बातमी पूर्ण समजावी. आवक जास्त असेल तर साठा चढतोय.

धरणातून सुटलेले पाणी शहरात यायला कित्येक तास लागतात. मथळा वाचून लगेच पुलावर धावण्यात अर्थ नाही, आणि ‘अजून काही झाले नाही’ म्हणून निवांत बसण्यातही नाही.

व्हॉट्सअॅप आणि गावातला माणूस

इथे वाहिनीपेक्षा चांगलीही माहिती मिळते आणि वाईटही. ‘प्रयाग चिखलीच्या रस्त्यावर आत्ता गुडघाभर पाणी आहे’ असे ओळखीच्या माणसाने स्वतः टाकले असेल, तर ते कोणत्याही अहवालाआधी पोहोचलेले असते. दोन बाणांच्या खुणेचा, अनेकदा पुढे पाठवलेला संदेश मात्र आधी खोटाच धरावा. त्यात जागा, वेळ आणि पाहणारा, तिन्ही नसतात. छायाचित्र संशयास्पद वाटले तर गुगल लेन्समध्ये टाका, जुने असेल तर बहुधा लगेच सापडते. ध्वनिफितीला हा उपाय नाही, म्हणून अफवा हल्ली आवाजातून फिरतात.

‘धरण फुटले’ ही त्यातली सगळ्यात घातक. १९६१ मध्ये पानशेत खरेच फुटल्यामुळे ती आपल्याकडे चटकन खरी वाटते. २००५ च्या जुलैत मुंबईत जुहूच्या नेहरूनगरमध्ये अशाच अफवेने चेंगराचेंगरी होऊन अनेकांचा जीव गेला, तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हतेही. असा संदेश आला तर जिल्हा कक्ष किंवा पोलिसांकडून दुजोरा मिळेपर्यंत पुढे पाठवू नये. आपत्तीबाबत खोटा इशारा पसरवणे हा आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

कोणत्याच स्रोतात नसलेला एक आकडा तुमच्याकडे असू शकतो. २०१९ आणि २०२१ मध्ये तुमच्या उंबऱ्याला पाणी लागले तेव्हा बंधाऱ्यावर किंवा पुलावर किती फूट होते, हे घरातल्या-शेजारच्या माणसांना विचारा, जुन्या वर्तमानपत्रांतून ताडून घ्या आणि भिंतीवर लिहा. सांगलीतच सूर्यवंशी प्लॉटचा आकडा आणि विश्रामबागचा आकडा कधीच एक नसतो. धोका पातळीपेक्षा हाच आकडा तुमच्या कामाचा. तिथे पाणी पोहोचायच्या दोन-तीन फूट आधी निघायचे.

वीज गेल्यावर

पाणी चढले की महावितरणला रोहित्रे बंद करावीच लागतात. टीव्ही संपला, राउटर संपला. मग उरतात सेलवरचा रेडिओ, त्यावर आकाशवाणीची स्थानिक केंद्रे, आणि मोबाइलचा एसएमएस, जो डेटा ठप्प झाला तरी बऱ्याचदा पोहोचतो. ‘सचेत’ हे आपत्तीच्या इशाऱ्यांचे सरकारी अॅप आधीच घेऊन त्यात आपला जिल्हा निवडून ठेवावा. मोबाइलमध्ये एफएम असेल तर तारेचे इअरफोन जवळ हवेत, बहुतेक संचांत तीच तार अँटेना असते. बॅटरी वाचवायची तर आधी व्हिडिओ बंद करा, दर दोन तासांनी पाच मिनिटेच नेट चालू करून अहवालाचे चित्र उतरवून घ्या, आणि बाहेरगावच्या एकाच नातेवाइकाला पातळी पाहून एसएमएस करायचे काम द्या. त्या एसएमएसमध्ये वेळ आणि फूट-इंच एवढेच असले तरी पुरे.