साखरपुड्याच्या अंगठीशेजारी लग्नाची अंगठी: अकरा महिने वापरल्यावर

माझ्या डाव्या अनामिकेत दोन अंगठ्या असतात. तळहाताच्या बाजूला दोन मिलिमीटर रुंदीची पिवळ्या सोन्याची साधी वेढणी आणि तिच्यावर साखरपुड्याची, एका हिऱ्याची अंगठी. ही जोडी गेले सात महिने आहे. त्याआधीचे चार महिने वेढणीच्या जागी दुसरी अंगठी होती, चहूबाजूंनी बारीक हिरे बसवलेली. ती दिसायला आजच्या वेढणीपेक्षा कितीतरी सुंदर होती. तरीही ती काढावी लागली, आणि त्यामागचं कारण मला खरेदीच्या वेळी कुणीही सांगितलं नव्हतं.

आधी साखरपुड्याच्या अंगठीबद्दल, कारण सगळं तिच्यावरच ठरतं. ती १८ कॅरेट पांढऱ्या सोन्याची आहे, म्हणजे ७५ टक्के सोनं आणि बाकी मिश्रधातू. पट्टी १.८ मिलिमीटर रुंद. हिरा सहा नखांनी (म्हणजे धातूच्या बारीक आकड्यांनी) धरलेला आणि बोटाच्या बराच जवळ, खाली बसवलेला. मला तो तसाच हवा होता, कारण उंच हिरा स्वेटरमध्ये, केसांत, बॅगेच्या चेनमध्ये अडकतो. पण हिरा खाली बसवला की त्याला तोलणारी कोंदणाची जाळीही खाली येते आणि पट्टीच्या कडेबाहेर थोडी डोकावते. शेजारी सरळ अंगठी घातली की ती पट्टीला टेकायच्या आधीच या जाळीला टेकते. बारीक हिऱ्यांची ती अंगठी घेताना हे दुकानात माझ्या लक्षातही आलं नाही. मी हात समोर धरून वरून बघत होते आणि वरून सगळं छान दिसत होतं. नवरा म्हणाला, "तुला आवडलीय ना? मग हीच घे." घेतली.

पहिले दोन महिने मी खूप खूश होते. हात हलला की सगळं बोट लखलखायचं. तिसऱ्या महिन्यात साखरपुड्याची अंगठी धुताना जाळीच्या खालच्या कडीवर केसाएवढ्या बारीक रेघा दिसल्या. वाटलं, कुठेतरी घासली असेल. चौथ्या महिन्यात मात्र तिथे बोटाचं नख फिरवलं की ते अडकायला लागलं. मग मी ओळखीच्या एका जुन्या सोनारकाकांकडे दोन्ही अंगठ्या घेऊन गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, थोडा वेळ बघितलं आणि भिंग माझ्याकडे दिलं. दहापट मोठं दाखवणाऱ्या त्या काचेतून मी पहिल्यांदा माझी अंगठी नीट बघितली. कडीवर लहान लहान खाचा होत्या, अगदी समान अंतरावर, करवतीच्या दातांसारख्या. शेजारच्या अंगठीतले हिरे जितक्या अंतरावर बसवले होते, बरोबर तितक्याच अंतरावर.

"ताई, सोनं झिजतंय," काका म्हणाले. "हिरा नाही झिजत."

खरं तर हे शाळेत शिकलेलं. फ्रेडरिक मोह्स यांनी १८१२ मध्ये मांडलेल्या काठिण्याच्या श्रेणीत हिरा १० वर आहे आणि शुद्ध सोनं अडीच ते तीनच्या आसपास. मिश्रधातू घातल्यावर सोनं जरा कडक होतं, पण हिऱ्यापुढे काहीच नाही. प्लॅटिनमही चार-साडेचारपर्यंतच जातं. शिवाय ही श्रेणी फक्त क्रम सांगते, अंतर नाही. ९ वर असलेल्या माणिक-नीलमपेक्षा १० वरचा हिरा प्रत्यक्षात कित्येक पट कठीण आहे. अंगठ्या बोटावर स्थिर नसतात, दिवसभर सूतभर पुढेमागे होत राहतात. हिऱ्यांच्या कडा बाहेर आलेली अंगठी शेजारच्या धातूवर चोवीस तास कानस फिरवत असते. माझ्या बाबतीत ही झीज हिऱ्याच्या नखांपर्यंत पोहोचली नव्हती. नखं झिजली असती तर मुख्य हिराच निसटला असता. त्या विचाराने मला दोन दिवस धड झोप लागली नाही.

काकांनी झिजलेल्या जागी सोनं भरून दिलं. पॉलिश करून वर पुन्हा ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा दिला. अंगठी वाचली.

हिऱ्यांची अंगठी घेऊच नका, असं मी म्हणत नाही. पट्टीत खाच पाडून दोन्ही कडांच्या आत हिरे बसवण्याची पद्धत असते. तिच्यात शेजारच्या अंगठीला फक्त धातूची गुळगुळीत कड लागते, म्हणून ती पुष्कळ सुरक्षित. माझ्या अंगठीत हिरे कडेपर्यंत उघडे होते, तेच नडलं. आणखी एक गोष्ट. पूर्ण गोलात हिरे असलेल्या अंगठीचं माप नंतर बदलता येत नाही, कारण कापायला आणि जोडायला मोकळा धातूच नसतो. मी ती एका थंड सकाळी मोजून घेतली होती. उन्हाळा आला तसं बोट सुजायला लागलं आणि संध्याकाळी ती साबण लावल्याशिवाय निघेना. निम्म्या गोलात हिरे असलेली घेतली असती तर निदान माप तरी वाढवता आलं असतं. आता ती डबीत असते. एखाद्या दिवशी साखरपुड्याची अंगठी काढून ठेवते आणि ती एकटीच घालते. एकटी ती अजूनही फार सुंदर दिसते.

दुसऱ्या वेळी मी घाई केली नाही. वरून बघायचं सोडून दिलं. दोन्ही अंगठ्या बोटात घालून हात डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरला आणि कडेने बघितलं: कोण कुठे टेकतंय, फट कुठे राहतेय. मध्ये कागदाचा तुकडा सरकवून पाहिला. तो जिथे अडतो तिथे घर्षण होणार. एवढी एक गोष्ट पहिल्यांदा केली असती तर हे सगळं टळलं असतं.

खाली बसवलेल्या हिऱ्याला सहसा वळणाची अंगठी सुचवतात, जिच्यात कोंदणाला जागा देणारी खोबण किंवा बाक असतो. मी ती वीस मिनिटं घालून बघितली. जोडीने बसते छान, अगदी एकजीव. पण बोटावर जराशी फिरली की खोबण एकीकडे आणि हिरा दुसरीकडे, मग दर थोड्या वेळाने सरळ करत बसा. आणि एकटी घातली तर ती अपुरी वाटते, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. प्रवासात, व्यायामाला जाताना मी हिऱ्याची अंगठी काढून ठेवते आणि लग्नाची तेवढी ठेवते. त्यामुळे मला एकटी शोभणारीच हवी होती. दुसरा उपाय म्हणजे दोन्हींच्या मध्ये एक मिलिमीटरची तिसरी अंगठी. माझं बोट आखूड आहे, तीन अंगठ्यांनी ते भरून जातं. तिसरा उपाय म्हणजे मूळ अंगठीचं कोंदणच उचलून घेणं. नुकत्याच दुरुस्त झालेल्या अंगठीला पुन्हा आच लावायला माझं मन धजेना.

शेवटी सरळ, साधी, बाहेरून अर्धगोल वेढणी घेतली आणि फट राहू दिली. वर कोंदणापाशी दोघींच्या पट्ट्यांत मिलिमीटरभर अंतर दिसतं. पहिला आठवडा माझी नजर सारखी तिथेच जायची. आता फट दिसते, पण खुपत नाही. वेढणीची कड गोल असल्यामुळे जाळीला जे टेकतं ते गुळगुळीत सोनं असतं. सात महिन्यांनी भिंगाखाली पाहिलं तर टेकणाऱ्या जागी दोन्हीकडे थोडी चकाकी आली आहे, खाच नाही. सोन्यावर सोनं घासून झीज होतच नाही असं नव्हे, पण ती फार हळू होते.

रंगाबद्दल बरेच जण विचारतात, पांढऱ्याशेजारी पिवळी का? पांढरं सोनं मुळात पूर्ण पांढरं नसतं. ते पांढरंशुभ्र दिसतं ते वरच्या ऱ्होडियमच्या थरामुळे, आणि तो थर साधारण एका मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा) किंवा त्याहून पातळ असतो. रोजच्या वापरात वर्ष-दोन वर्षांत तो विरतो. सगळ्यांत आधी तळहाताकडच्या बाजूला, आणि तिथे पिवळसर झाक येते. शेजारी प्लॅटिनमची अंगठी असेल तर ही झाक लगेच उठून दिसते, कारण प्लॅटिनम आतपर्यंत पांढरंच असतं. माझ्या पहिल्या जोडीत दोन्ही पांढऱ्या होत्या आणि चार महिन्यांतच दोन वेगळे पांढरे दिसायला लागले होते. आता फरक मुद्दाम ठेवलेला आहे, त्यामुळे मुलामा थोडा विरला तरी जोडी विजोड दिसत नाही. प्लॅटिनम मलाही आवडतं, पण त्याच आकारात ते १८ कॅरेट सोन्यापेक्षा साधारण एक तृतीयांश जड भरतं. हातात घेतल्यावर छान वाटणारं ते वजन दिवसभर टाइप करताना मला जाणवत होतं.

ज्यांच्या त्वचेला निकेल चालत नाही त्यांनी पांढऱ्या सोन्यात काय मिसळलंय ते आधी विचारून घ्यावं. काही ठिकाणी निकेल असतं, काही ठिकाणी पॅलेडियम. मुलामा विरेपर्यंत त्रास जाणवत नाही, म्हणून हे नंतर कळतं.

मापाचं गणित एका अंगठीला वेगळं आणि दोघींना वेगळं. दोन अंगठ्या शेजारी आल्या की बोटाला त्या एका रुंद पट्टीसारख्या लागतात, आणि रुंद पट्टी त्याच मापात घट्ट होते. यावेळी मी संध्याकाळी गेले, दोन्ही घालून अर्धा तास बसले, हात खाली सोडून, मग वर करून. वेढणी नेहमीच्या मापापेक्षा अर्ध्या मापाने मोठी घेतली. अमेरिकी पद्धतीत अर्धं माप म्हणजे आतल्या व्यासात ०.४ मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही, पण उन्हाळ्यातल्या संध्याकाळी तेवढ्यानेच सुटका होते. थंडीत जरा सैल वाटते, पण सांध्यावरून आपोआप घसरत नाही. आतली बाजूही गोलसर करून घेतली आहे. त्याने घालता-काढताना कातडी ओढली जात नाही.

तक्रारी आहेतच. फटीत साबण साचतो. हात धुतल्यावर मी दोन्ही अंगठ्या थोड्या वर सरकवून बोट पुसते, नाहीतर खालची त्वचा पांढरी पडून सोलवटते. हिऱ्याची अंगठी वरून जड असल्याने करंगळीकडे कलते. वेढणीमुळे ते कमी झालंय, थांबलेलं नाही. आणि गुळगुळीत पॉलिश केलेल्या वेढणीवर तिसऱ्याच दिवशी ओरखडा आला, तेव्हा मी अक्षरशः हळहळले. तीन महिन्यांत इतके बारीक ओरखडे जमले की सगळा पृष्ठभागच मऊ, रेशमी झाला. आता मला तो पहिल्यापेक्षा जास्त आवडतो. मंद, खरखरीत फिनिश घेतलेल्या मैत्रिणीचं उलटं झालं. तिची अंगठी वापरून वापरून चमकायला लागली आहे.

निगा फारशी नाही. आठवड्यातून एकदा कोमट पाणी, भांड्यांच्या सौम्य साबणाचे दोन थेंब, जुना मऊ टूथब्रश, आणि हिऱ्याच्या खालच्या बाजूने घासणं. तिथे साचलेल्या मळामुळेच हिरा निस्तेज दिसतो. तलावात पोहायला जाताना दोन्ही काढते. क्लोरीन सोन्यातल्या मिश्रधातूंवर हल्ला करतं, आणि निकेल असलेल्या पांढऱ्या सोन्याची नखं त्याने तडकू शकतात. महिन्यातून एकदा नखांवरून लोकरीचा धागा फिरवते. तो अडकला तर नख उचललं गेलंय असं समजायचं. अजून अडकलेला नाही.

पुढच्या महिन्यात काकांकडे तपासणीला जायचंय. दोन्ही अंगठ्यांना खालून डाख लावून एकच करायची का, असं त्यांनी मागच्या वेळी विचारलं होतं. कलणं थांबेल, घासणंही थांबेल, तेव्हा त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण मग वेढणी एकटी घालता येणार नाही, आणि व्यायामाच्या सकाळी हिरा डबीत ठेवून फक्त ती घेऊन निघायची मला आता सवय झाली आहे. त्यांना नाही म्हणणार आहे.