आंतरराष्ट्रीय घटनात्मक करार: मंजुरी संसदेची की जनमताची?

देशाच्या राज्यघटनेला हात घालणारा आंतरराष्ट्रीय करार संसदेने मंजूर करावा की जनमताने, हा विषय मुंबईतल्या वादविवाद स्पर्धेत निघाला की ‘लोकांना विचारा’ म्हणणारी बाजू हमखास टाळ्या घेते. बाजू ठरवण्याआधी एक समज तपासायला हवा. संसद मसुदा दुरुस्त करू शकते, लोकांना फक्त हो-नाही म्हणता येतं, असं धरलं जातं. पंचवीस देशांच्या सह्या झालेल्या करारातलं एक कलम एका संसदेने बदललं, तर उरलेल्या चोवीस देशांशी पुन्हा वाटाघाटी आल्या. करार घ्यायचा तर अख्खाच, संसदेलाही आणि मतदारालाही.

फरक पडतो तो मतदानाच्या आधी आणि सोबत काय करता येतं यात. संसद मंत्र्यांना समितीपुढे बसवते, राज्यघटनेशी न जुळणारा भाग शोधते, अंमलबजावणीचा कायदा जोडीने करते. जर्मनीत ३० जून २००९ रोजी घटना न्यायालयाने लिस्बन करार (युरोपीय संघाच्या कारभाराचे नियम बदलणारा) वैध ठरवला. पण सोबतच्या कायद्यात संसदेला पुरेसा अधिकार नाही, तो आधी दुरुस्त करा, असं सांगून अंतिम मंजुरी थांबवली. कायदा सुधारला, मगच करार मार्गी लागला. मतपत्रिकेवर अशा दुरुस्तीला जागाच नसते.

त्याआधी, युरोपीय संघाच्या राज्यघटनेच्या करारावर रोममध्ये २९ ऑक्टोबर २००४ रोजी सह्या झाल्या. ४४८ कलमं, वर पुरवण्या. १२ मे २००५ रोजी जर्मन संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने ५६९ विरुद्ध २३ मतांनी तो मंजूर केला. सतरा दिवसांनी फ्रान्सच्या जनमतात सुमारे ५५ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले. १ जूनला नेदरलँड्समध्ये ६१ टक्क्यांहून जास्त. डच जनमत नुसतं सल्ल्यापुरतं होतं, पण इतका स्पष्ट कौल डावलायची कुणाची छाती झाली नाही. फ्रान्समधला राग बराचसा बेरोजगारीवर आणि सरकारवर होता. जनमताचं हे जुनं दुखणं: प्रश्न एक, उत्तर भलत्याचंच.

पण संसदेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी पुढचंही सांगावं. फेटाळलेल्या करारातला बहुतांश आशय २००७ च्या लिस्बन करारात आला आणि फ्रान्सने तो २००८ मध्ये संसदेतून मंजूर करून घेतला. लोकांनी दारातून परत पाठवलेलं खिडकीतून आत आलं, ही भावना तिथे आजही आहे. आयर्लंडला ती सोय नव्हती. तिथे लोकांना विचारणं भाग होतं. जून २००८ मध्ये ‘नाही’ आलं. मग युरोपीय आयोगावर (संघाच्या कार्यकारी मंडळावर) प्रत्येक देशाचा एक आयुक्त कायम राहील, करधोरण आणि लष्करी तटस्थतेला धक्का लागणार नाही, अशी हमी मिळाली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये ६७ टक्के ‘हो’. ‘हो म्हणेपर्यंत विचारत राहिले’ ही टीका ठीक, पण संसदेच्या मुकाट होकाराने ही हमी मिळाली असती असं वाटत नाही.

जनमताची सर्वांत भक्कम बाजू मात्र आपल्या शेजारीच सापडते, आणि मराठी माणसाला ती थोडी टोचते. गोव्यातला प्रश्न आंतरराष्ट्रीय कराराचा नव्हता, पण पेच हाच. तिथे सत्ता महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची (मगोप), पक्षाचा मुख्य मुद्दा महाराष्ट्रात विलीनीकरण. विधानसभेवर सोडलं असतं तर ठराव बहुधा झाला असता. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात केंद्रशासित राहण्याची बाजू ३४,०२१ मतांनी जिंकली. आणि दोन-अडीच महिन्यांत त्याच मतदारांनी मगोपला पुन्हा निवडून दिलं! पक्षाला मत म्हणजे त्याच्या प्रत्येक मुद्द्याला संमती नव्हे. कौलाची आखणीही बघण्यासारखी: संसदेने आधी स्वतंत्र कायदा केला, पर्याय दोनच, विलीनीकरणाला फूल आणि विरोधाला दोन पानं ही चिन्हं, आणि सरकारी यंत्रणा एका बाजूला झुकू नये म्हणून मंत्रिमंडळाचा राजीनामा. मुंबईतल्या गोवेकरांना मात्र मत नव्हतं. (खुद्द मुंबई महाराष्ट्राला मिळाली ती संसदेच्या कायद्याने.)

भारतात करार करणं हा केंद्र सरकारचा अधिकार. कायदा किंवा राज्यघटना बदलायची असेल तरच संसद लागते. बांगलादेशाशी १९७४ साली ठरलेल्या भूसीमेसाठी २०१५ मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती करावी लागली. अशा करारांवर जनमत घेण्याची तरतूद राज्यघटनेत नाही. इथे खरा वाद सरकार की संसद हाच, आणि त्यात आमचं मत नि:संकोच संसदेच्या बाजूने.

व्यापार, सीमाशुल्क, प्रत्यार्पण अशा करारांना संसद पुरे. कायदे करण्याचा अधिकारच बाहेरच्या संस्थेकडे जाणार असेल, तर आधी संसद आणि मग तिने मंजूर केलेल्या मसुद्यावर जनमत, याच क्रमाने. ‘नाही’ आल्यास काय होणार हे मतदानाआधी लेखी जाहीर हवं. किमान मतदानाची अट घालताना जपून: नेदरलँड्समध्ये २०१६ साली युरोपीय संघाने युक्रेनशी केलेल्या करारावरच्या जनमताला ३० टक्क्यांची अट होती. समर्थकांनी घरी बसून कौल रद्द पाडण्याचा मोह अशा अटीतूनच जन्मतो. मतदान ३२ टक्के झालं, म्हणजे कौल ग्राह्य, आणि निकाल ‘नाही’.