पेठेतील काष्टौषधींच्या दुकानातले सुटे उटणे

आश्विन वद्य चतुर्दशीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान हा शरद ऋतूतला माझा सर्वांत आवडता सोपस्कार असल्यामुळे उटण्याच्या बाबतीत मी थोडी चिकित्सक आहे. आकर्षक वेष्टनातील बहुतेक उटण्यांना केवळ कृत्रिम चंदनाचा भपकारा येतो. या जुन्या दुकानात मात्र आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, गुलाबपाकळ्या आणि संत्र्याची वाळलेली साल आपल्यासमोर तोलून, कुटून आणि चाळून दिली जाते. पुडी उघडताच प्रथम आंबेहळदीचा कैरीसारखा गंध जाणवतो आणि त्यामागून नागरमोथ्याचा ओलसर, मातकट वास येतो, जो तिळाच्या कोमट तेलाने अंग चोळून झाल्यावर दुधात कालवलेले उटणे लावले की अधिकच खुलतो. तेलाचा चिकटपणा साबणाशिवाय निघतो आणि त्वचा कोरडीही पडत नाही.

दळण किंचित भरड असल्याने चेहऱ्यासाठी आणि लहान मुलांसाठी ते घरी वस्त्रगाळ करावे लागते, ही एक उणीव. शिवाय वसुबारसेपासून दुकानात इतकी गर्दी होते की मालकांना पुडी बांधण्यापलीकडे काही बोलायला सवड नसते (एरवी ते प्रत्येक मुळीची माहिती हौसेने सांगतात). म्हणून कोजागरीनंतर लगेचच खरेदी करावी आणि उटणे घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत भरावे. दर तयार पाकिटांपेक्षा थोडा अधिक आहे, परंतु मला तो रास्त वाटतो.